सह्याद्रीतील आरमारी विद्यालय

युद्धनौकेवरील तोफा सर्वांना दिसतात. परंतु तिच्या तळाशी यंत्रे चालविणारे हात कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. यंत्र बंद पडले, तर बलाढ्य नौकाही भर समुद्रात असहाय होते. असे कुशल हात घडविण्यासाठी १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळे येथे आरमाराचे यंत्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. ते जमिनीवर असले, तरी आरमारी प्रथेप्रमाणे त्यास नौकेसारखेच नाव मिळाले. मराठी आरमाराचा पाया घालणाऱ्या छत्रपतींचे ते नाव होय. भारत प्रजासत्ताक झाल्यावर, १९५० पासून, ते ‘आय. एन. एस. शिवाजी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. येथे नौसैनिक यंत्रे चालविण्यास व दुरुस्त करण्यास शिकतात. कर्मातील कौशल्य हेच या केंद्राचे ब्रीद आहे.