गोल करवतीला सरकते टेबल जोडताना

दारा-खिडक्यांच्या फळ्या आडव्या कापायला करवतीला सरकते टेबल असले की काम नेटके होते. जोडणीआधी मेन स्विच पाडून फ्यूज काढा आणि खिशात घाला. नुसत्या बटणावर भिस्त नको.

बोल्ट आवळण्यापूर्वी टेबलाची चाल तपासा. पात्याच्या एका दाताला खडूची खूण करा. टेबलावर पक्की बांधलेली पट्टी त्या दाताला पुढच्या बाजूस टेकवा. मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे न्या, टेबल सरकवून पुन्हा पाहा. फट पडली किंवा पट्टी अडली, तर चाल वाकडी समजा. वाकड्या चालीत लाकूड पात्यावर दाबले जाते नि फळी मिस्त्रीच्या अंगावर उसळते.

आडवे कापताना उभ्या कापाची गाईड बाजूला सारा. तुकडा तिच्यात नि पात्यात अडकला, तर गोळीसारखा सुटतो!