थंड इंजिन आणि घाटाचा चढ

नेरळ स्थानकाबाहेर सकाळी माथेरानकडे जाणाऱ्या टॅक्सींची रांग लागलेली असते. गाडी रात्रभर दवात उभी असते, लोकलमधून उतरलेल्या प्रवाशांना घाई असते आणि चालकाला दुसरी खेप गाठावयाची असते. किल्ली फिरते, गाडी निघते आणि वस्ती मागे पडते न पडते तोच घाट सुरू होतो. दस्तुरी नाक्यापर्यंतचे अंतर आठ-नऊ किलोमीटर. परंतु तेवढ्यात भरलेली गाडी सुमारे ७०० मीटर उंची चढून जाते. इंजिनाला दिवसातील सर्वांत अवघड काम असे दिवसाच्या अगदी आरंभीच, ते पुरते थंड असताना करावे लागते.

खालापूर तालुक्यात खोपोलीची स्थिती अशीच आहे. हे गाव बोरघाटाच्या थेट पायथ्याशी वसलेले आहे. पनवेलहून चौकमार्गे येणाऱ्या किंवा कर्जतहून सुमारे १५ किलोमीटर चालून आलेल्या गाडीचे इंजिन घाटाच्या तोंडाशी येईपर्यंत आपोआप तापलेले असते. खोपोलीतल्याच अंगणातून निघून लोणावळ्याला जाणाऱ्या गाडीला मात्र ही सवलत नाही. जुन्या रस्त्याने शिंगरोबाच्या देवळापाशी पोहोचेपर्यंत तिचेही इंजिन तापते, पण व्हावयाची झीज तोवर होऊन गेलेली असते.

ही झीज कशी होते, हे समजून घेण्यासारखे आहे. गाडी उभी राहिली की वरच्या भागांवरील वंगण हळूहळू निथळून तळाच्या टाकीत, म्हणजे चेंबरमध्ये, उतरते. सकाळी गाडी सुरू होताच पंप ते पुन्हा वर चढवू लागतो. काही सेकंदांत दाब तयार होतो आणि फलकावरील ऑइलचा तांबडा दिवा विझतो. परंतु वंगण पोहोचले म्हणजे काम झाले असे नव्हे. थंड ऑइल घट्ट असते. अरुंद फटींतून ते संथपणे वाहते. डब्यावरील ‘१५ डब्ल्यू-४०’ या खुणेचा अर्थ येथे लक्षात येतो. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक असून त्याअगोदरचा आकडा थंडीतील प्रवाहीपणाची प्रत सांगतो, तर नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानावरील घट्टपणाची. चढावर ज्या गुणासाठी ऑइल घातलेले असते, तो गुण ते तापल्यावरच पुरेपूर प्रकट होतो.

दुसरे कारण धातूंच्या स्वभावात आहे. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि अनेक इंजिनांत सिलिंडर ओतीव लोखंडाचा. उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. थंड इंजिनावर एकदम पूर्ण भार टाकला, तर पिस्टन झपाट्याने तापून फुगतो आणि सिलिंडर मागे राहतो. दोहोंमधील फट मोजून ठेवलेली असते, ती इंजिन सर्वत्र सारखे तापलेले असेल हे गृहीत धरून. त्यातच थंड पेट्रोल इंजिनाला जादा इंधन लागते. त्यातील न जळलेला अंश सिलिंडरच्या भिंतीवरचे वंगण धुऊन काढतो आणि खाली उतरून ऑइल पातळ करतो. एखाद्या सकाळी यातले काहीच जाणवत नाही. काही वर्षांनी मात्र गाडी ऑइल पिऊ लागते, निळसर धूर सोडते, चढाला दम तोडते आणि अखेर इंजिनाचे काम निघते. गाडीच्या कर्जाचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत, अशा टॅक्सीमालकाच्या घरात त्या कामाचा खर्च म्हणजे मुलांच्या शिक्षणाच्या पैशांना हात घालणे होय.

यावर सर्वत्र प्रचलित असलेला उपाय म्हणजे गाडी जागेवर दहा-दहा मिनिटे चालू ठेवणे. जाणता चालक असेच करतो, असा समज आहे. कार्बुरेटर आणि हाताने ओढावयाचा चोक असलेल्या गाड्यांच्या काळी त्याला आधार होता, कारण थंड इंजिन चोक सोडताच बंद पडे. आता इंधनाचे प्रमाण संगणक ठरवितो आणि तापमानानुसार ते क्षणोक्षणी बदलतो. समज मात्र मागे राहिला आहे. जागेवर उभ्या गाडीत इंधन थोडेच जळते, म्हणून उष्णताही थोडीच निर्माण होते. इंजिन तापावयास विलंब लागतो आणि अर्धवट थंड अवस्था उलट लांबते. लहान मोटारीचे इंजिन जागेवर चालू असताना तासाला साधारणपणे अर्धा ते एक लिटर इंधन खाते. रोजची दहा मिनिटे, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर पन्नास तास होतात. म्हणजे पंचवीस ते पन्नास लिटर इंधन एकही किलोमीटर न चालता गेले. आवाज मोठा करीत जागेवर रेस देणे ही तर याहून वाईट खोड. तिने वंगण लवकर पोहोचत नाही, झीज तेवढी वाढते.

धुराचाही प्रश्न आहेच. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र काहीशे अंश तापल्याखेरीज आपले काम करू शकत नाही. म्हणून शाळेच्या खिडकीखाली ‘गरम होत’ उभी असलेली बस मुलांच्या नाकाशी दिवसातील सर्वांत घाण धूर सोडीत असते. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणे तर जीवघेणे ठरते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगही नसतो.

इंजिन तापविण्याचा योग्य मार्ग म्हणजे हलक्या पायाने गाडी चालविणे हाच होय. अर्धा-एक मिनिट थांबावे, ऑइलचा दिवा विझल्याची खात्री करावी आणि निघावे. काटा मध्याकडे सरकेपर्यंत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये. काट्याऐवजी निळा दिवा असलेल्या गाड्यांत तो विझेपर्यंत हे पथ्य पाळावे. काटा पाण्याचे तापमान दाखवितो, ऑइलचे नव्हे. ऑइलला आणखी काही किलोमीटर लागतात.

परंतु नेरळ-खोपोलीला हे काही किलोमीटर सपाट रस्ता आणावयाचा कोठून? येथे चालकाला थोडी युक्ती योजावी लागते. डिझेल भरणे, चाकांत हवा घालणे, गावातून प्रवासी गोळा करणे ही कामे घाटापूर्वीच उरकली, तर इंजिन तेवढे फिरलेले असते. घाटाला लागल्यावर पहिली दोन-तीन वळणे खालच्या गिअरमध्ये, मध्यम गतीने चढावी. वरच्या गिअरमध्ये गाडी रडतखडत ओढल्याने इंधन वाचते असे अनेकांना वाटते. थंड इंजिनाला यासारखा दुसरा जाच नाही. मागून येणारा हॉर्न वाजवील, त्याला वाट द्यावी. मोटारसायकलस्वारांनाही हे लागू आहे. मिनिडोरवाल्यांना तर विशेषच, कारण तेथे इंजिन लहान आणि भार मोठा.

रेल्वेने हे शास्त्र फार पूर्वी अंगी बाणविले होते. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याचा तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट आहे. म्हणूनच कर्जतला गाडीच्या पाठीशी जादा इंजिने जोडण्याची व्यवस्था आली. वाफेच्या काळात थंड इंजिन कामाला जुंपण्याची सोयच नव्हती. कित्येक तास आधी आग पेटवून बॉयलर हळूहळू तापवीत, कारण घाईने तापविल्यास धातू असमान प्रसरण पावून सांधे गळू लागत. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीच्या चिमुकल्या इंजिनांनाही तोच नियम होता. मोटारीच्या किल्लीने ही सक्तीची प्रतीक्षा नाहीशी केली. धातूचा स्वभाव मात्र बदलला नाही.

शासकीय जीप आणि ग्रामपंचायतींची वाहने यांच्याबाबत एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. साहेब येण्यापूर्वी गाडी बराच वेळ चालू ठेवण्याची प्रथा नव्या डिझेल गाड्यांना विशेष मारक आहे, कारण त्यांच्या धूरमार्गातील काजळीची गाळणी जागेवरच्या मंद चालीत तुंबते. रुग्णवाहिकेचे गणित अर्थातच वेगळे. तिने इंजिनासाठी थांबावयाचे नसते. दिवा विझताच तिने निघावे आणि आवश्यक तर पहिल्या चढापासून पूर्ण जोर लावावा. इंजिन दुरुस्त होते. मात्र तिचे ऑइल आणि रेडिएटरमधील पाणी रोज सकाळी, इंजिन थंड असतानाच, पाहिलेले असले पाहिजे.

चढ संपल्यावरचे एक काम बहुतेक चालक विसरतात. टर्बो असलेली गाडी दस्तुरीच्या तळावर पोहोचताच किल्ली फिरवून बंद केली, तर लालबुंद तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जागीच अडकून जळते. तेथे मात्र प्रवासी उतरून सामान काढीत असतील तेवढा वेळ, मिनिटभर, इंजिन जागेवर चालू ठेवावे.