गाडी घेताना : किंमत, सोयी आणि चार टायर

वैद्यकीय विषयांवर अधिकाराने लिहिणारी मंडळी आपल्या संघटनेत पुष्कळ आहेत. मी निवडलेला विषय त्या मानाने हलका वाटेल. परंतु नव्याने दवाखाना थाटलेले तरुण सहकारी दर दिवाळीच्या सुमारास एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, सेडान घ्यायची आहे, कोणती घेऊ?" कोणती घ्यावी हे मी सांगत नाही. कशी निवडावी, एवढे मात्र एका चुकीतून शिकलो आहे. त्या शिकवणीचा हा हिशेब.

चूक आधी सांगतो. २०१६ साली मी मध्यम आकाराची सेडान घेतली. विक्रेत्याने टॉप मॉडेलचा आग्रह धरला. सोळा इंची अलॉय चाके दाखवून "मोठे चाक म्हणजे अधिक सुरक्षितता" असे त्याने सांगितले आणि मी ते मानले. पुढच्या पावसाळ्यात पणजीहून चोर्ल्याच्या घाटाने बेळगावला परतताना पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढचे चाक आदळले. हवा गेली नाही, म्हणून मी निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी पाहतो तो टायरच्या बाजूच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगवटा! टायरवाल्याने सांगितले, "आतले धागे तुटलेत डॉक्टर, हा आता दुरुस्त होत नाही." त्या मापाचा टायर गावात नव्हता, हुबळीहून यायला दोन दिवस लागणार होते. तोवर गाडी चालवू नये, स्टेपनी लावावी, हे त्याने बजावले. मी "उद्या बघू" म्हटले. त्याच रात्री खानापूरहून तातडीचे बोलावणे आले आणि वाटेत तो टायर फुटला. वेग कमी होता म्हणून निभावले, पण पोहोचायला चाळीस मिनिटे उशीर झाला. तिथल्या सहकाऱ्याने तोवर रुग्णाला सांभाळले, हे त्याचे उपकार.

धमनीच्या भिंतीचा एक थर फाटून तिला फुगवटा आला, तर आपण रुग्णाला "उद्या बघू" म्हणत नाही. टायरच्या बाबतीत मी तेच म्हणालो.

१. किंमत : शोरूमची आणि हातात पडेपर्यंतची

जाहिरातीतली किंमत ही शोरूमची किंमत असते. तीत वस्तू व सेवा कर धरलेला असतो, पण रस्ता कर आणि विमा धरलेला नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर हा कर १८ टक्के झाला. साडेचार मीटरच्या आसपास लांबी असलेल्या मध्यम सेडानवर तो ४० टक्के आहे. त्यापूर्वी १५०० सीसीपर्यंतच्या मध्यम सेडानवर उपकरासह ४५ टक्के आणि लहान पेट्रोल गाडीवर २९ टक्के पडत. म्हणजे दोन्हींचा कर घटला, परंतु दोन वर्गांतील अंतर सोळा टक्क्यांवरून बावीस टक्क्यांवर गेले. मागची जागा आणि डिकी यांची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न त्यामुळे पूर्वीपेक्षा महाग झाला आहे.

त्यावर कर्नाटकाचा रस्ता कर. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला तो १७ टक्के आणि त्या करावर ११ टक्के उपकर, म्हणजे एकंदर १८.८७ टक्के पडतो. महाराष्ट्रात तो बराच कमी असल्याने कोल्हापुरातील नातेवाइकाच्या पत्त्यावर गाडी नोंदवण्याचा मोह आपल्या भागात अनेकांना होतो. तो टाळावा. कायद्यानुसार गाडी मालकाच्या वास्तव्याच्या वा व्यवसायाच्या ठिकाणीच नोंदवायची असते. खोटा पत्ता दिल्यास पुढे विम्याचा दावा करताना किंवा गाडी विकताना तोच आडवा येतो.

आता मॉडेलांतील फरकाचा हिशेब करू. समजा, खालच्या आणि टॉप मॉडेलच्या शोरूम किमतीत तीन लाखांचा फरक आहे. रस्ता कर धरून तो सुमारे ३,५६,६०० होतो. ही रक्कम नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जात बसवली, तर हप्ता दरमहा सुमारे ७,४०० आणि एकूण भरणा सुमारे ४,४४,००० रुपये. विम्याचा वाढीव हप्ता वेगळाच. "फक्त तीन लाखच जास्त" या वाक्याचा खरा अर्थ हा आहे.

व्यवसायासाठी वापरलेल्या गाडीवर प्राप्तिकरात १५ टक्के घसारा मिळतो. तो दरवर्षी उरलेल्या किमतीवर काढतात. पहिल्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्माच मिळतो. ही सवलत चांगली आहे, पण ती मिळते म्हणून महाग गाडी घेणे म्हणजे औषध फुकट मिळते म्हणून आजार ओढवून घेणे होय.

२. सोयी : तीन रकाने

यादी वाचताना मी आता तीन रकाने आखतो. पहिला जीव वाचवणाऱ्या सोयींचा, दुसरा शरीराला आराम देणाऱ्या सोयींचा, तिसरा मिरवण्याच्या सोयींचा.

पहिल्या रकान्यात सहा एअरबॅग, गाडी घसरू लागल्यास ती सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, मागच्या तिन्ही आसनांना पूर्ण पट्टे, मुलांच्या आसनासाठी आयसोफिक्स खुंट्या आणि टायरमधील हवेचा दाब सांगणारा दिवा. दुसऱ्यात चालकाच्या आसनाची उंची बदलणे, स्टिअरिंग वर-खाली व पुढे-मागे करणे, मागे एसीची झडप. कंबरदुखीचे रुग्ण तपासणाऱ्यांना या रकान्याचे महत्त्व सांगायला नको. तिसऱ्यात छताची काच, रंगीत दिवे आणि मोठी चाके.

येथे एक कसोटी उपयोगी पडते : ही सोय नंतर बसवता येते का? मागचा कॅमेरा, स्पीकर, आसनांची आवरणे नंतर बसवता येतात. एअरबॅग आणि गाडी सावरणारी यंत्रणा नंतर बसत नाहीत. तेव्हा पैसा आधी पहिल्या रकान्यावर खर्च करावा. पहिला रकाना पूर्ण होतो त्या सर्वांत खालच्या मॉडेलवर थांबावे. काही कंपन्या हा रकाना सर्वच मॉडेलांत देतात, काही तो वरच्या मॉडेलांत अडकवून ठेवतात. खरी तुलना येथे करायची असते. भारत एनकॅप ही आपली धडक चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे. तिचे तारे पाहावेत आणि चाचणी नेमक्या कोणत्या मॉडेलची झाली तेही पाहावे. आसनांत बाजूच्या एअरबॅग असतील तर साधे आवरण घालून त्या कोंडू नयेत. आणि पट्टा न लावता एअरबॅगवर विसंबणे किती घातक, हे आपल्यातील अस्थिरोगतज्ज्ञ अधिक चांगले सांगतील.

३. टायर : अहवाल वाचायला शिका

टायरच्या भिंतीवरील आकडे रक्ताच्या अहवालासारखे वाचता येतात. १८५/६० आर १५ ८४ टी असे लिहिले असेल, तर रुंदी १८५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १५ इंच हा रिमचा व्यास. ८४ या क्रमांकाचा टायर ५०० किलो भार घेतो आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची क्षमता. शेवटी चार आकडी शिक्का असतो. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. नवा टायर घेतानाही हा शिक्का पाहावा, कारण दुकानात पडून राहिलेले रबर वयाने जुनेच होते.

आता याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १८५/५५ आर १६ टायर असला तर? भिंत सुमारे १०२ मिलिमीटर उरते. रिम आणि खड्डा यांच्यामधली उशी नऊ मिलिमीटरने पातळ झाली. गुळगुळीत महामार्गावर वळणे घेताना याचा फायदा आहे, ते नाकारत नाही. पण पावसाळ्यातला चोर्ला, आंबोली किंवा खानापूरकडचा रस्ता हा ज्याचा नित्याचा मार्ग, त्याने ती नऊ मिलिमीटर जपावीत.

पैशाचा हिशेब असा. समजा, गाडी दहा वर्षांत १,२०,००० किलोमीटर चालेल. लहान चाकाचा टायर ६,००० रुपयांचा आणि ४०,००० किलोमीटर टिकणारा धरला, तर मूळ संचानंतर दोन संच लागतील, आठ टायर, ४८,००० रुपये. मोठा टायर ९,००० रुपयांचा आणि ३०,००० टिकणारा धरला, तर तीन संच, बारा टायर, १,०८,००० रुपये. आकडे आपापल्या दुकानातून विचारून बदलावेत, रीत हीच. दहा वर्षांत साठ हजारांचा फरक म्हणजे किलोमीटरला पन्नास पैसे. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सहा-सात रुपये धरला, तर ही रक्कम लहानच आहे. तेव्हा टायरच्या खर्चाला भिऊन गाडी नाकारू नये, आणि टायरच्या दर्जात काटकसर तर मुळीच करू नये. साडेतीन-चार लाख मॉडेलवर घालवून चार टायरांत चार हजार वाचवणारे लोक मी पाहिले आहेत.

विम्याची एक अट फार थोड्यांना ठाऊक असते. अपघातात गाडीचे अन्य नुकसान न होता केवळ टायर गेला, तर साधी पॉलिसी काही देत नाही. गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मे मिळते. मला त्या फुगवट्याचे काहीच मिळाले नाही आणि ते नियमाला धरूनच होते. अटी मी वाचल्या नव्हत्या. टायरसाठी वेगळे जोडसंरक्षण मिळते, ते विचारून घ्यावे.

स्टेपनीही उघडून पाहावी. कित्येक गाड्यांत ती मूळ चाकापेक्षा लहान असते आणि तिच्यावर वेगमर्यादा लिहिलेली असते. २०२० च्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, दाबदर्शक यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असल्यास कंपनीने स्टेपनी न दिली तरी चालते. पण भिंत फाटलेल्या टायरला तो संच उपयोगी पडत नाही. रात्री-अपरात्री निघणाऱ्या डॉक्टराने स्टेपनी असलेलीच गाडी घ्यावी, असे माझे मत आहे.

४. सारांश

शोरूममध्ये जाण्यापूर्वी एका कागदावर पाच ओळी लिहाव्यात : हातात पडेपर्यंतची किंमत, मॉडेलांतील फरकाचा व्याजासह भरणा, पहिला रकाना पूर्ण करणारे सर्वांत खालचे मॉडेल, टायरचे माप व गावात त्याची उपलब्धता, आणि स्टेपनी. गाडी घेतल्यावर महिन्यातून एकदा थंड टायरमधील हवा तपासावी, दर दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करावी. खाचांची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा आहे, पण पावसाळ्यापूर्वी त्याच्या बरेच आधी टायर बदलावेत.

माझी आताची गाडी मधल्या मॉडेलची आहे, पंधरा इंची चाकांची. शोरूममधून निघताना विक्रेता थोडा हिरमुसला होता. खानापूरचा रस्ता मात्र अजून तसाच आहे, आणि रात्रीची बोलावणीही येतातच.