नाण्यावरील बारीक खूण

इतिहासाच्या सरांनी एक जुने चांदीचे नाणे हातावर ठेवले. "ओळख पाहू!" घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, रोमन अक्षरे पाहून छाती दडपली. तरी एकेक अक्षर लावले. 'कारोलुस' तिसरा, म्हणजे स्पेनचा राजा तिसरा कार्लोस, साल १७८३. मागे मुकुटाखाली किल्ले व सिंहांची ढाल, दोन बाजूंस दोन खांब. '८ आर' म्हणजे आठ रेआल. वजन सुमारे २७ ग्रॅम.

"स्पेनचे!" मी म्हणालो. सरांनी मुकाट्याने भिंग पुढे केले. मागील लेखात 'एम'वर चिमुकला 'ओ' दिसला. ती मेक्सिकोच्या टांकसाळीची खूण! चांदी तिथली, घाम तिथल्या खाणकामगारांचा. नाव मात्र दूरच्या राजाचे. म्हणून मित्रहो, नाणे ओळखताना राजाच्या नावापाशी थांबू नये. ते पाडले कुठे, हेही शोधावे.