एकोणपन्नास पायऱ्या

चि. ओंकार,

जुन्या प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरांची आठवण काढून हळहळणारे लोक त्या काळच्या तुटवड्याचं कौतुक करतात, ते तू फार मनावर घेऊ नकोस. १९७५ सालचा एचपी-२५ बघ. प्रोग्रॅमला ४९ पायऱ्या, आकडे साठवायला आठ रजिस्टरं, आणि बंद केला की लिहिलेलं सगळं पुसलं जायचं. मधली एखादी पायरी राहून गेली तर ती घुसवायची सोय नव्हती. पुढचं सगळं पुन्हा दाबत बसायचं, शिवाय 'अमुक पायरीवर जा' हे हुकूम क्रमांकाने बांधलेले, म्हणून तेही दुरुस्त करायचे. यात तपश्चर्या कसली? १९५ डॉलरच्या यंत्राची ही काटकसर होती. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या ७९५ डॉलरच्या एचपी-६५ मध्ये पायरी मधे घालता येत असे.

तरीही त्या हळहळीत एक गोष्ट खरी आहे: एचपी-२५ अख्खं डोक्यात मावत होतं. त्यात एकावर एक चार कप्प्यांचा स्टॅक होता. आकडे आधी द्यायचे, क्रिया नंतर. बेरीज-गुणाकार झाला की वरचे आकडे एकेक कप्पा खाली येत, पण सर्वांत वरचा आकडा आपल्या जागीही तसाच राही. वरवर किरकोळ वाटणारा हा नियम बहुपदीला किती उपयोगी पडतो पाहा. २क्ष³ + ३क्ष² + ५क्ष + ७ काढायचं तर क्ष देऊन एंटर तीनदा दाबायचं, म्हणजे चारही कप्प्यांत क्ष. मग २ गुणिले, ३ अधिक, गुणिले, ५ अधिक, गुणिले, ७ अधिक. क्ष कुठेही साठवावा लागत नाही, कारण वरून तो येतच राहतो. असं का होतं हे तुला शेवटच्या कप्प्यापर्यंत सांगता येतं.

तू म्हणशील, पायथनमध्ये हे एका ओळीत होतं. होतं, आणि कामासाठी तेच वापर. ४९ पायऱ्यांवर पुलाचं गणित करायला कोणी सांगत नाही. पण त्या ओळीखाली इंटरप्रिटर, त्याखाली ऑपरेटिंग सिस्टीम, त्याखाली प्रोसेसर, असे थर आहेत, आणि उत्तर चुकलं तर दोष कोणत्या थरात आहे याचा बहुधा अंदाजच करावा लागतो. तळापर्यंत दिसणारं एक तरी यंत्र ओळखीचं असेल, तर निदान काय शोधायचं ते कळतं. 'मग मायक्रोकंट्रोलर का नको?' हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. तोही चालेल, पण त्याची माहितीपुस्तिकाच शेकडो पानांची असते.

एचपी-२५ शिकायचं ठरवलंस, तर जुनं यंत्र मात्र विकत घेऊ नकोस. त्यातल्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांनी गळून आतले जोड बहुधा खाल्लेले असतात, आणि हौशी विक्रेते भाव चढे लावतात. फोनवरचं सिम्युलेटर पुरे. सुरुवात वर्गसमीकरणाच्या मुळांपासून कर, कागदावर प्रत्येक पायरीपुढे चारही कप्पे लिहून. आणि वर्गमुळाखाली ऋण संख्या आली तर यंत्राने काय दाखवायचं, यासाठी चार-सहा पायऱ्या आधीच राखून ठेव.

तुझी,
आत्या