पाळीतलं दुखणं आणि आपलं ताट

मैत्रिणींनो, सबमिशन आणि पाळी एकाच आठवड्यात येणं हा बहुधा न्यूटनचा चौथा नियम असावा! आमच्या मुळशीतल्या होस्टेलवर अशा दिवशी उपाय ठरलेला: उपाशीपोटी चहा, एक गोळी आणि पांघरूण. प्रॅक्टिकल बुडतं ते वेगळंच. 'बायकांच्या जातीला हे चालायचंच' हे उत्तर मला पटेना, म्हणून थोडं वाचलं.

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि कळा येतात. वेदनाशामक गोळी हीच निर्मिती रोखते. ही रसायनं मुख्यतः ओमेगा-६ स्निग्धाम्लांपासून बनतात. आहारात ओमेगा-३ वाढलं, तर त्यांच्या जागी सौम्य रसायनं बनू शकतात. म्हणजे इनपुट बदललं की आउटपुट बदलायची शक्यता आहे!

पुरावा काय? २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३३ स्त्रियांनी दोन पाळीचक्रं दूध-अंडीही वगळून, कमी स्निग्ध शाकाहार घेतला. दुखण्याचे दिवस सरासरी ३.९ वरून २.७ वर आले. २००९ मध्ये इराणमधल्या १५० विद्यार्थिनींच्या चाचणीत सुंठीच्या कॅप्सूलने आयबुप्रोफेनइतकाच आराम दिला. अभ्यास लहान आहेत. रामबाण समजू नका.

मग आपण काय करायचं? मेसमधली भजी-वडे कमी करा. अळशीची चटणी डब्यात ठेवा. तिच्यात ओमेगा-३ असतं. मासे खात असाल तर बांगडा उत्तम. आपल्या मावळपट्ट्यातली नाचणीची भाकरी कॅल्शियम देते. सोबत उसळ, पालेभाजी घ्या आणि वर लिंबू पिळा, म्हणजे लोह नीट शोषलं जातं. जेवणाबरोबरचा चहा मात्र लोह अडवतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. लोहाने कळा थांबतीलच असं नाही, पण पाळीत रक्त जातं, ते भरून काढायलाच हवं.

हा बदल दोन दिवसांत दिसणार नाही. दोन-तीन महिने वहीत नोंद ठेवा: किती दिवस दुखलं, किती गोळ्या लागल्या. आणि दुखणं दर महिन्याला वाढत असेल, पाळी नसतानाही होत असेल किंवा रक्तस्राव फार असेल, तर सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. एंडोमेट्रिऑसिससारखा आजार चटणी-भाकरीने बरा होत नाही, आणि तो सोसत बसण्यात काही मोठेपणाही नाही.