जुन्या पिकअपचा सायलेन्सर: आवाज घालवायला किती खर्च करावा?

दहा-बारा वर्षं चाललेली बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ पहाटे मार्केट यार्डाकडे निघाली की अख्खी गल्ली जागी होते. मग मालक वैतागून थेट नवा सायलेन्सर घ्यायला जातो. थोडं थांबा. आवाज नेमका कुठून येतो हे कळल्याशिवाय खिशात हात घालू नका. कित्येकदा दोष सायलेन्सरचा नसून एखाद्या जोडाचा असतो.

आधी तपासणी

गाडी रात्रभर थंड झालेली असताना, उघड्या जागेत, हँडब्रेक लावून इंजिन सुरू करा. हातमोजे घातलेल्या सोबत्याला जाड ओलं फडकं पाइपच्या तोंडाशी काही सेकंदच दाबून धरायला सांगा. जिथून फुसफुस ऐकू येईल, तिथे गळती आहे.

इंजिनजवळ टकटक होते आणि गाडी तापल्यावर कमी होते? मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासून घ्या. थंड सायलेन्सरवर रबरी हातोडी मारल्यावर आत खडखडलं, तर आतला पडदा सुटला आहे. तो नग बदलावाच लागेल. ठरावीक वेगालाच थरथर होत असेल, तर लटकवणारे रबर किंवा उष्णतारोधक पत्रा ढिला असण्याची शक्यता जास्त. यातलं काहीच सापडलं नाही, तर एअर फिल्टरचा डबा आणि इंजिन माउंटिंग बघा.

खर्चाच्या पायऱ्या

पॅकिंग, क्लॅम्प आणि रबर ही सगळ्यात स्वस्त पायरी. काम शेकड्यांत भागतं.

दुसरी पायरी वेल्डिंगची. भोकाभोवतीच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. तो आत गेला, तर पत्रा कुजला आहे आणि ठिगळावरचा पैसा वाया जाणार. पत्रा घट्ट असेल तर खुशाल वेल्डिंग करा. मात्र त्याआधी बॅटरीची वायर काढायला लावा, नाहीतर अल्टरनेटर किंवा ईसीयू जळण्याचा धोका असतो.

तिसरी पायरी नव्या सायलेन्सरची, आणि इथे हिशेब वर्षाचा करायचा. समजा, लोकल सायलेन्सर फिटिंगसह ३,००० रुपयांना पडला आणि २ वर्षं टिकला, तर वर्षाला १,५०० रुपये. कंपनीचा फिटिंगसह ५,५०० रुपयांना पडून ५ वर्षं टिकला, तर वर्षाला १,१००. शिवाय दर बदलीला बुडणारं भाडं वेगळंच. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या मॉडेलचे भाव दोन-तीन दुकानांतून काढा आणि याच पद्धतीने मांडा. गाडी वर्षभरात विकायची असेल, तर मात्र लोकल नगच परवडतो.

शांत सायलेन्सर कसा ओळखायचा?

डिझेल इंजिनाचा जड घुमणारा आवाज मोडायला आत कप्पे आणि पडदे लागतात. नुसत्या सरळ, भोकांच्या पाइपभोवती काचलोकर भरलेला नग वरच्या पट्टीतला आवाज शोषतो, पण घुमणं फारसं कमी करत नाही. एका तोंडातून बघितल्यावर दुसऱ्या तोंडाचा उजेड दिसत असेल, तर तो सरळ पाइपचा समजा.

एकाच मापाचे दोन नग उचलून बघा. जड नगाचा पत्रा सहसा जाड असतो आणि जाड पत्रा कमी थरथरतो. पाइपचा व्यास मूळ मापाचाच ठेवा. बारीक पाइपने धूर तुंबतो, ताकद आणि मायलेज घटतं.

टिकाऊपणाचा शत्रू गंज. एक लिटर डिझेल जळताना जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. जवळच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापत नाही आणि हे पाणी आत साचतं. म्हणून तळाचं बारीक भोक कोणाला बुजवू देऊ नका. कोकणात खाऱ्या हवेची भर पडते. तिथे साध्या रंगवलेल्या पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा किंवा स्टेनलेस घ्या.

कायद्याची बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवाच. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग झाल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्सही ३ महिन्यांसाठी जातं. व्यावसायिक पिकअप ८ वर्षांपुढची असेल तर फिटनेस दरवर्षी लागतो, त्यामुळे हे काम पासिंगच्या आधी उरका. गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल, तर तो काढून साधा पाइप जोडून देणाऱ्या मिस्त्रीला नकार द्या.

पैसे देण्याआधी

- भाव जीएसटी धरून आहे का? २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे.
- नवं पॅकिंग, क्लॅम्प आणि रबर भावात आहेत का?
- वॉरंटी किती, आणि ती बिलावर लिहून मिळेल का?
- बसवल्यावर गाडी चालू करून प्रत्येक जोड तपासून देणार का?

केबिनमध्ये धुराचा वास येत असेल, तर भावाची घासाघीस करत दिवस घालवू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. काचा उघड्या ठेवून गाडी जवळच्या गॅरेजला न्या आणि गळती आधी बंद करून घ्या.